अजिंठा-वेरूळ आपल्याला कुणी दाखवलं? मराठवाड्याच्या कला-स्थापत्यावरच्या मार्गदर्शिकांचा इतिहास

अजिंठ्याला तिकीट काढून वर गेलं की आधी लागतं ते लेणं क्रमांक १. नवखा माणूस साहजिकच समजतो की खोदकामाला इथून सुरुवात झाली. प्रत्यक्षात हे लेणं अजिंठ्याच्या शेवटच्या काळातलं आहे. खूप जुनं आहे ते क्रमांक १०, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. शेजारचं ९ आणि पुढची १२, १३ ही त्याच जुन्या गटातली. मग हे क्रमांक कसले? दरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाताना १९ व्या शतकातल्या अभ्यासकांनी सोयीसाठी टाकलेले. त्यांचा लेण्याच्या वयाशी काही संबंध नाही. १९५६ मध्ये दरड कोसळून १६ व्या लेण्याकडे जाणारी पायवाट बुजली, ती मोकळी करताना ओढ्याच्या पातळीवर एक अज्ञात लेणं सापडलं. यादी आधीच पूर्ण झालेली असल्याने त्याला ३० हा शेवटचा आकडा मिळाला. काही अभ्यासकांच्या मते अजिंठ्यातलं सगळ्यात जुनं लेणं कदाचित हेच असेल.

अजिंठा असो की वेरूळ, आपण तिथे जातो तेव्हा दगडाच्या आधी आपल्यापुढे पुस्तक उभं असतं. क्रमांक पुस्तकातले, लेण्यांची नावं पुस्तकातली, 'हे चित्र अमक्या प्रसंगाचं' ही माहिती पुस्तकातली. गाइड जे सांगतो ते कुठल्या तरी मार्गदर्शिकेतून आलेलं असतं, आणि ती मार्गदर्शिका तिच्या आधीच्या पुस्तकावर उभी असते. ही साखळी मागे मागे कुठवर जाते, तिच्यात काय टिकलं, काय चुकलं आणि मराठवाड्याचा केवढा भाग तिच्यात आलाच नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

साहेबांच्या आधीची मार्गदर्शिका

या इतिहासाची सुरुवात बहुतेक ठिकाणी १८१९ पासून करतात. त्या वर्षी २८ एप्रिलला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात खांबावर आपलं नाव कोरलं, म्हणून. मला ही सुरुवात मान्य नाही. ठिकाणाची काटेकोर नोंद करणारं, वाचणाऱ्याला तिथवर पोचवणारं लेखन मराठीत त्याच्या जवळपास पाचशे वर्षं आधीपासून आहे.

महानुभाव पंथात 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथ आहे. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, जिथे बसले, जिथे निजले, जिथे जेवले, त्या जागांची ही नोंद. १४ व्या शतकातली. तिच्यात गोदावरीच्या काठची गावं आहेत, पैठण आहे, आजच्या मराठवाड्यातली कितीतरी ठिकाणं आहेत. आणि नोंद नुसती गावाच्या नावावर थांबत नाही. देऊळ गावाच्या कुठल्या दिशेला, त्याचं तोंड कुठे, आवार केवढं, स्वामींची बसण्याची जागा दारापासून कुठल्या बाजूला, हे सगळं तिच्यात येतं. लिहिणाऱ्यांचा हेतू भक्तीचा होता. ज्या मातीला स्वामींचे पाय लागले ती जागा पुढच्या पिढ्यांना बिनचूक सापडली पाहिजे, ही तळमळ. पण त्या तळमळीतून यादवकाळातल्या गावांचा आणि देवळांचा नकाशाच तयार झाला. वि. भि. कोलते यांनी तिचं संपादन केलं, आणि पुढे नाहीशा झालेल्या देवळांचा माग काढायला अभ्यासक तिचा आधार घेऊ लागले.

चांगल्या मार्गदर्शिकेत जे असावं लागतं ते सगळं इथे आहे: दिशा, अंतर, जागेची खूण आणि त्या जागेचं महत्त्व. तिच्या मागे सरकार नव्हतं, सर्वेक्षण खातं नव्हतं. मराठीतली मार्गदर्शिका म्हणून तिचं नाव पहिलं घेतलं गेलं पाहिजे.

चित्रांपासून अहवालापर्यंत

इंग्रजांचं लक्ष आधी वेरूळकडे गेलं. १७९० च्या दशकात पुण्याच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने वेरूळचं वर्णन लिहिलं. त्याच्यासाठी वेरूळची चित्रं काढणाऱ्यांत गंगाराम तांबट हा पुण्याचा मराठी चित्रकार होता. हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. जेम्स वेल्स या चित्रकाराने केलेल्या आराखड्यांवरून डॅनियल काका-पुतण्यांनी १८०३ मध्ये वेरूळचा चित्रसंच लंडनमध्ये छापला, तो गाजला. गंगारामची चित्रं मात्र संग्रहात पडून राहिली. १८२४ मध्ये जॉन सीली याचं वेरूळवरचं प्रवासवर्णन आलं. ही सगळी पुस्तकं 'केवढं अद्भुत!' या सुरातली. त्यांच्यात मोजमाप कमी आणि आश्चर्य जास्त.

मोजमाप आणलं जेम्स फर्ग्युसनने. मूळचा निळीचा व्यापारी. भारतभर फिरून त्याने लेण्यांची तुलना केली आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. त्याचं म्हणणं सरळ होतं: खांबाचा घाट, स्तूपाचा आकार, मूर्ती आहे की नाही, या गोष्टी ओळीने मांडल्या की लेणी जुनी-नवी लावता येतात. आज आपण 'आधी स्तूप, नंतर बुद्धमूर्ती' असं जे सहज म्हणतो, त्या विचाराची ही सुरुवात. त्याच निबंधामुळे सोसायटीने कंपनी सरकारकडे अजिंठ्याची चित्रं वाचवण्याची मागणी केली आणि १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गिलने वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून मोठ्या कॅनव्हासवर प्रतिकृती केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या लावल्या होत्या. १८६६ च्या आगीत जवळपास सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा तेच काम करत होते. १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या संग्रहालयात आग लागली आणि त्यातल्याही बऱ्याच प्रती गेल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. अजिंठ्याची आज पुसट झालेली काही चित्रं कशी होती हे अजूनही त्या खंडांवरूनच ताडून पाहतात.

पण मार्गदर्शिकांचा खरा पाया घातला जेम्स बर्जेस यांनी. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचे ते प्रमुख. १८७५-७६ च्या हंगामात ते निजामाच्या मुलखात फिरले आणि १८७८ मध्ये बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतल्या प्राचीन अवशेषांवरचा अहवाल निघाला. धाराशिवची लेणी, औशाजवळची खरोशाची लेणी, औरंगाबादची लेणी हे सगळं मोजून, आराखडे काढून पहिल्यांदा छापलं गेलं ते यात. मराठवाड्याच्या दक्षिण भागाकडे इतक्या बारकाईने आधी कुणी पाहिलंच नव्हतं. १८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा एकत्र ग्रंथ आला, आणि १८८३ मध्ये बर्जेस यांचे आणखी दोन खंड: एक बौद्ध लेण्यांवर, दुसऱ्यात वेरूळ. शिलालेखांच्या वाचनात त्यांच्यासोबत पंडित भगवानलाल इंद्रजी होते, आणि त्यांच्याही आधी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याचे लेख वाचायचा प्रयत्न केला होता. म्हणजे पाया घालणाऱ्यांत आपली माणसं होती. मुखपृष्ठावर त्यांची नावं क्वचितच आली.

आता अहवाल म्हणजे काय आणि मार्गदर्शिका म्हणजे काय, हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं होतं. अहवाल हा मोठ्या आकाराचा, महागडा, ग्रंथालयात ठेवायचा ग्रंथ. त्यात लेण्याचा आराखडा, दर्शनी भागाचं रेखाचित्र, शिलालेखाचा कागदी ठसा आणि त्याचं वाचन असतं. उसाच्या रसाचा गूळ करावा तसा हा मजकूर आटवून मार्गदर्शिका बनते: आधी राजवटींची दोन पानं, मग लेण्या-लेण्यांची माहिती, एक नकाशा, काही छायाचित्रं, कसं जायचं आणि कुठे राहायचं. प्रवासी हातपुस्तकांनी हेच केलं. रेल्वे औरंगाबादला आली १९०० च्या सुमारास. त्याआधीची पुस्तकं मुंबईच्या प्रवाशाला नांदगावला उतरून टांग्याने वेरूळ गाठायला सांगत. रस्ता बदलला की मार्गदर्शिका बदलते. पण आटवताना जो निष्कर्ष एकदा आत गेला, तो मात्र वर्षानुवर्षं बदलत नाही.

एक चूक किती वर्षं टिकते

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातच आहे. तिथे एका राजदरबारात परदेशी वेशातली, टोकदार टोप्या घातलेली माणसं दिसतात. १८७९ मध्ये फर्ग्युसनने लिहिलं की हे इराणच्या खुस्रो बादशहाचे दूत आहेत आणि सिंहासनावरचा राजा म्हणजे बदामीचा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी. खुस्रो आणि पुलकेशी यांच्यात संपर्क होता असा उल्लेख एका अरबी इतिहासात मिळतो. त्यामुळे जुळणी आकर्षक होती. एकदा ती जुळवली की चित्राचा काळही ठरला: इसवी सन ६२५ च्या पुढे. मग ते लेणंही सातव्या शतकातलं झालं.

मार्गदर्शिकांनी हे उचललं. पुढची पुस्तकं तेच सांगत राहिली. 'पुलकेशीच्या दरबारातले इराणी वकील' हे अनेकांच्या मनात अजूनही पक्कं बसलेलं आहे. पण चित्रं ही भित्तिचित्रांच्या सलग कथांचा भाग असतात. एकट्या चौकटीकडे बघून त्यांचा अर्थ लागत नाही. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी अजिंठ्यातल्या कथा बौद्ध ग्रंथांशी ताडून पाहिल्या, त्यात हा प्रसंग महासुदर्शन या चक्रवर्ती राजाच्या कथेत बसतो असं दिसलं. परदेशी पोशाख हा पाचव्या शतकातल्या चित्रकाराने आसपास पाहिलेल्या व्यापाऱ्यांचा असू शकतो. आणि लेणं पाचव्या शतकातलं असेल तर पुलकेशी तिथे येऊच शकत नाही.

लेणं पाचव्या शतकातलं हे कसं ठरलं? यात मराठवाड्याला लागून असलेल्या वाशिमचा मोठा वाटा आहे. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात वराहदेव नावाच्या मंत्र्याचा शिलालेख आहे. तो बराच झिजलेला. त्यातली वाकाटक या प्राचीन घराण्यातल्या राजांची नावं नीट लागत नव्हती, आणि हे वाकाटक नेमके कुठले हा घोळ होता. १९३९ मध्ये वाशिमला एक ताम्रपट सापडला. त्यातून कळलं की वाकाटकांची वत्सगुल्म, म्हणजे वाशिमची, एक वेगळी शाखा होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्या उजेडात अजिंठ्याचा लेख नव्याने वाचला आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. वराहदेव ज्याचा मंत्री होता तो हरिषेण राजा त्यामुळे ठामपणे उभा राहिला. याच वराहदेवाचा आणखी एक लेख सिल्लोड तालुक्यात जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यात आहे. अजिंठा पाहून परत फिरणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण एकाच दात्याची दोन कामं इतकी जवळजवळ पाहायला मिळणं हे दुर्मीळ आहे.

पुढे अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी दशकांच्या अभ्यासातून मांडलं की अजिंठ्याचा दुसरा टप्पा हरिषेणाच्याच काळात, साधारण ४६० ते ४८० या वीसेक वर्षांत घडला. खिळ्यांच्या खुणा, अर्धवट सोडलेले खांब, दारांच्या रचनेत होत गेलेले बदल, कुठे घाईने रंगवलेली भिंत, यांवरून त्यांनी वर्षावर्षाचा क्रम लावला. सगळ्यांना तो मान्य नाही. म्हणूनच दोन मार्गदर्शिका दोन वेगळे काळ देतात. एकीत 'पाचवं ते सातवं शतक', दुसरीत 'पाचव्या शतकाचा उत्तरार्ध'. यातली एक जुन्या जुळणीवर उभी आहे आणि दुसरी नव्या वाचनावर, एवढं वाचकाने लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

वेरूळलाही असंच आहे. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन: दक्षिणेकडून उत्तरेकडे. ही वाटणी चालायला सोयीची आहे, पण त्यावरून 'आधी बौद्ध, मग हिंदू, मग जैन' असा इतिहास तयार झाला. २१ व्या म्हणजे रामेश्वर लेण्यासमोर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी मिळाली. त्यामुळे २१ आणि २९ सारखी काही हिंदू लेणी सहाव्या शतकातली, बौद्ध लेण्यांच्याही आधीची असावीत असं आता बरेच अभ्यासक मानतात.

हैदराबादचं खातं

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्यामुळे इथल्या स्मारकांची जबाबदारी हैदराबाद संस्थानाची. १९१४ मध्ये संस्थानाने पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. पुढची जवळपास तीस वर्षं त्यांनी हे काम केलं.

त्याच्या थोडं आधी, १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी चित्रकारांचं पथक आणून अजिंठ्याच्या नव्या प्रती करवल्या होत्या. बंगालमधून नंदलाल बोस, असित हलदार आले होते. हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीनही त्यात होते. हे सय्यद अहमद पुढे याझदानींच्या खात्यात अजिंठ्याची चित्रं जपण्याचं आणि उतरवण्याचं काम करत राहिले. १९२०-२२ मध्ये सेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तंत्रज्ञांना बोलावून गळून पडणारा गिलावा पक्का केला. त्यांनी चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, थर दिला. तो पुढे पिवळा-तपकिरी पडला आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांना तो काढत बसावं लागलं. पण पडणारी भिंत त्यांनी थांबवली, हेही तितकंच खरं.

याझदानींचे 'अजिंठा' हे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले. रंगीत आणि कृष्णधवल छापील चित्रं, आणि प्रत्येक चित्राचं वर्णन. खात्याची हैदराबाद पुरातत्त्व मालाही चालू होती. मिराशींचं वर सांगितलेलं वाचन त्याच मालेत आलं. प्रवाशांसाठी छोट्या मार्गदर्शिकाही निघाल्या. कामाचा दर्जा फार वरचा होता. मात्र हे सगळं इंग्रजीत. राज्यकारभार उर्दूत. अजिंठा, पैठण, अंबाजोगाईच्या आसपास राहणाऱ्या माणसाची भाषा मराठी. ज्याच्या गावात लेणं आहे त्याला ते पुस्तक वाचता येत नाही, ही स्थिती दीर्घकाळ राहिली.

या काळात मराठी मुलखातून एक उल्लेखनीय नाव येतं ते औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचं. स्वतः चित्रकार. चित्रकारांना घेऊन ते अजिंठ्याला गेले, प्रती करवल्या, आणि १९३० च्या आसपास वेरूळ व अजिंठा या दोन्हींवर सर्वसामान्य प्रवाशाला परवडतील, हातात मावतील अशी इंग्रजी हातपुस्तकं लिहिली. औंधच्या संग्रहालयात त्या प्रती आजही पाहता येतात. चित्रकाराच्या नजरेने लिहिलेली मार्गदर्शिका वेगळी कशी असते हे समजायला ती पुस्तकं जरूर चाळावीत: राजवंशापेक्षा रेषेबद्दल जास्त बोलतात.

१९५६ आणि पुढे

१९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झालं. १९५१ च्या कायद्याने अजिंठा-वेरूळसारखी स्मारकं राष्ट्रीय महत्त्वाची ठरून केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे गेली. या खात्याला ठिकाणनिहाय स्वस्त मार्गदर्शिका काढायची परंपरा होती. जॉन मार्शल यांनी १९१८ मध्ये सांची आणि तक्षशिला यांच्यावर लिहिलेल्या पुस्तिकांनी तिचा साचा पक्का केला होता. अजिंठ्याची पुस्तिका आली १९५६ मध्ये. ते बुद्धजयंतीचं २५०० वं वर्ष. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षी ते ३० वं लेणं सापडलं.

लेखिका देबला मित्रा. पुढे त्या पुरातत्त्व खात्याच्या महासंचालक झाल्या, त्या पदावर पोचलेल्या पहिल्या स्त्री. त्यांची पुस्तिका आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघून पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातात राहिली. लहान, नेमकी, फुलोरा नाही. लेण्यात उभं राहून वाचावी अशी. मार्गदर्शिका कशी लिहावी हे शिकायचं असेल तर ती घ्यावी.

१९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि पहिल्यांदाच या भूमीवरच्या कलेचा अभ्यास या भूमीत राहून होऊ लागला. तिथले र. श. गुप्ते यांनी बी. डी. महाजन यांच्यासह १९६२ मध्ये अजिंठा, वेरूळ आणि औरंगाबाद लेणी यांवर एकत्र पुस्तक काढलं. औरंगाबादची लेणी अजिंठा-वेरूळच्या पंक्तीत बसवली, हे त्या पुस्तकाचं मोठं काम. १९५९ मध्ये म. न. देशपांडे यांचा पितळखोऱ्यावरचा अभ्यास छापला गेला. कन्नड तालुक्यातल्या या लेण्यात पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याच्या, कुळाने दिलेल्या दानाचा लेख आहे. तिथेच मिळालेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचं नाव कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा मराठवाड्यातला कारागीर नावानिशी समोर येतो, ही गोष्ट मला राजांच्या वंशावळींपेक्षा मोलाची वाटते.

१९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ दोन्ही जागतिक वारसा यादीत गेली. त्यानंतर पुस्तकांचा पूर आला, पण जवळजवळ सगळा त्याच दोन ठिकाणांवर.

जे यादीतच राहिलं

हेन्री कझिन्स यांनी १९०० मध्ये निजामाच्या मुलखातल्या प्राचीन अवशेषांची जिल्हावार यादी छापली. यादीत एका ठिकाणाला दोन-चार ओळी. काही ठिकाणं त्या ओळींतून बाहेर पडली. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे त्यातलं. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ग्रीक प्रवासग्रंथातलं 'तगर' म्हणजे तेर असं दाखवलं. कझिन्स यांनी तिथल्या त्रिविक्रम मंदिराची नोंद केली. विटांचं, मागची बाजू गोलाकार असलेलं हे देऊळ बौद्ध चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, घाटाचं आहे, आणि तिथे आजही पूजा चालते. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट तेरच्याच लामतुरे संग्रहालयात आहे. लाकडाचं इतकं जुनं काम महाराष्ट्रात फार कमी शिल्लक आहे. अशा जागेवर, खरं तर, स्वतंत्र मार्गदर्शिकांची माला हवी.

पण बहुतेक ठिकाणं यादीतच राहिली. अन्वा, चारठाणा, होट्टल, निलंगा, धर्मापुरी, माणकेश्वर, औंढा नागनाथ: अकराव्या ते तेराव्या शतकातली, उत्तरकालीन चालुक्य आणि यादव काळातली ही दगडी मंदिरं शिल्पांनी भरलेली आहेत. त्यांच्यावर अभ्यासकांनी लिहिलं, गो. बं. देगलूरकर यांच्यासारख्यांनी मूर्तींचा बारकाईने विचार केला, राज्याच्या जिल्हा गॅझेटियरांत नोंदी आल्या. सामान्य प्रवाशाच्या हातात मात्र 'हेमाडपंती मंदिर' एवढंच पडलं. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. अंबरनाथच्या देवळात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. तरी त्यालाही हेमाडपंतीच म्हणतात. या एका शिक्क्याने तीनशे वर्षांचा प्रवास सपाट होतो आणि बांधणाऱ्याचं नाव पुसलं जातं.

अंबाजोगाईचं खोलेश्वर मंदिर घ्या. खोलेश्वर हा सिंघण यादवाचा सेनापती. त्याचा मुलगा राम युद्धात पडला. रामाच्या बहिणीने, लक्ष्मीने, भावाच्या स्मरणार्थ हे देऊळ बांधलं, आणि शके ११६२, म्हणजे १२४० मध्ये तसा लेख कोरवला. ही सगळी माहिती दगडावर आहे. तरीही ती प्रवाशापर्यंत पोचत नाही, कारण कुणी आटवून पुस्तिकेत घातलेली नाही.

मार्गदर्शिका निवाडाही करते. बीबी का मकबरा म्हणजे 'ताजमहालाची कमअस्सल नक्कल' हे वाक्य पुस्तकांतून इतकं फिरलं आहे की लोक ते मनात घेऊनच आत शिरतात. दारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय ही नावं आहेत. हा अताउल्ला ताजशी जोडल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. खर्च नोंदलेला आहे ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे. एवढ्या पैशांत, संगमरवर मोजका आणि बाकी चुन्याच्या घोटीव गिलाव्यावर हे काम उभं राहिलं. दख्खनच्या कारागिरांचं चुन्यातलं ते नक्षीकाम जवळून पाहिलं की त्याची तुलना आग्र्याशी करत बसावीशी वाटत नाही. शहराला पाणी पुरवणाऱ्या मलिक अंबरच्या नहरींचंही तसंच: पुस्तकात पाणचक्की येते, आणि जमिनीखालून पाणी कसं आणलं ते येत नाही. वालूर आणि चारठाण्याच्या बारवा तर आत्ता आत्ता, गावातल्या लोकांनी गाळ काढल्यावर, चर्चेत आल्या.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची मराठीतली माला काढायची झाली तर प्रत्येक देवळाच्या नोंदीत तोंडाची दिशा, आराखडा, बाह्य भिंतीवरच्या मूर्तींचा क्रम, शिलालेखाचा सोप्या मराठीत अर्थ, आणि आज तिथे कुठला उत्सव होतो, कुठल्या घराण्याकडे पूजा आहे, एवढं तरी यायला हवं. शेवटचे दोन मुद्दे इंग्रजी अहवालांत जवळजवळ नसतातच, आणि ते फक्त गावातल्या माणसालाच सांगता येतात.

जुने ग्रंथ आता मिळवणं कठीण राहिलेलं नाही. बर्जेस यांचा १८७८ चा अहवाल, १८८३ चे खंड, कझिन्स यांची यादी ही सगळी हक्कमुक्त असून इंटरनेटवर फुकट वाचता येतात. शोधताना जुनी नावं लक्षात ठेवा: अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून येईल, छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद म्हणून, खरोसा 'करुसा' म्हणून आणि वेरूळ 'एलुरा' म्हणून. धाराशिवचं स्पेलिंगही आजच्यासारखं नसेल. आपल्या तालुक्याचं नाव सापडलं की ती दोन-चार ओळींची नोंद उतरवून घ्या आणि देवळाशी जाऊन ताडून पाहा. काय उरलं, काय हललं, कुठली मूर्ती आता जागेवर नाही, हे छायाचित्रासह लिहून ठेवा. नव्या मार्गदर्शिकेचा कच्चा मजकूर तोच.